बोगद्याच्या दुसऱ्या टोकाला कोण बसले आहे?

‘एका स्पर्शात अदृश्य व्हा’ अशा थाटाच्या जाहिराती पाहून देशभरातील वसतिगृहांत विद्यार्थी मोबाइलवर फुकटचे व्हीपीएन घेतात आणि निर्धास्त होतात. हा निर्धास्तपणा अज्ञानातून येतो आणि त्या अज्ञानावर एक अख्खा बाजार पोसला जातो.

व्हीपीएन वापरकर्त्याच्या यंत्रापासून पुरवठादाराच्या सर्व्हरपर्यंत एक कूटबद्ध बोगदा तयार करते. महाविद्यालयाच्या वाय-फायला किंवा इंटरनेट कंपनीला एवढेच दिसते, की अमुक सर्व्हरशी काही देवाणघेवाण चालू आहे. पलीकडच्या टोकाला मात्र कोण कोणत्या संकेतस्थळावर जात आहे, हे पुरवठादाराला दिसू शकते. (एचटीटीपीएसमुळे मजकूर झाकलेला राहतो, गंतव्य सहसा राहत नाही.) म्हणजे पाळत संपत नाही, पाळत ठेवू शकणारा बदलतो. आणि स्वतःच्या खात्याने प्रवेश केलेल्याला गूगल बोगद्यातूनही ओळखतेच!

फेसबुकने २०१३ मध्ये विकत घेतलेल्या ओनावो कंपनीचे फुकट व्हीपीएन संरक्षणाच्या नावाखाली लोक कोणती अ‍ॅप किती वापरतात, याची माहिती फेसबुकला पुरवत असे. २०१८ मध्ये अ‍ॅपलच्या आक्षेपानंतर ते अ‍ॅप स्टोअरवरून हटवावे लागले. फुकट बोगद्याचा खर्च कोणी तरी, कशातून तरी भरून काढत असतोच.

तेव्हा सारा प्रश्न विश्वासाचा आहे, आणि नेमक्या तेथेच सरकारने घाव घातला. २८ एप्रिल २०२२ रोजी सर्ट-इनने दिलेल्या निर्देशांनुसार व्हीपीएन पुरवठादारांनी ग्राहकाचे पडताळलेले नाव, पत्ता, संपर्क क्रमांक, त्याला दिलेले आयपी पत्ते, इतकेच नव्हे तर सेवा घेण्याचा हेतूसुद्धा नोंदवायचा आणि ग्राहक निघून गेल्यावरही किमान ५ वर्षे जपायचा. कंपन्यांच्या अंतर्गत व्हीपीएनला यातून वगळण्यात आले; सामान्य नागरिकाला नाही. एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन यांनी भारतातील आपले सर्व्हर काढून घेतले.

सायबर गुन्ह्यांच्या तपासासाठी हे आवश्यक आहे, असे समर्थन केले जाते. तपासाची गरज खरी आहे. उपाय खोटा आहे. सराईत गुन्हेगार परदेशी सर्व्हर भाड्याने घेतो किंवा दुसऱ्याच्याच यंत्रात शिरतो. नोंदवहीत नाव राहते ते सरळमार्गी माणसाचे, स्रोत जपू पाहणाऱ्या पत्रकाराचे, आजाराविषयी गुपचूप वाचणाऱ्या विद्यार्थिनीचे. शिवाय अशी वही फुटली, की चोरांच्या हाती आयती यादी पडते. याच्या उलट उदाहरण स्वीडनचे. एप्रिल २०२३ मध्ये तेथील पोलीस झडतीचे वॉरंट घेऊन मुलव्हाडच्या कार्यालयात गेले आणि रिकाम्या हाताने परतले, कारण ग्राहकांची माहिती साठवलेलीच नव्हती.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने म्हणूनच वेगाच्या आकड्यांआधी कंपनी कोणत्या देशाच्या कायद्याखाली येते, काय साठवते, आणि तिचे दावे त्रयस्थाने तपासले आहेत का, हे पाहावे. वायरगार्डसारखा खुला प्रोटोकॉल निवडावा. त्याची मूळ संहिता सुमारे ४,००० ओळींचीच असल्याने ती तपासणे शक्य होते. बोगदा तुटताच इंटरनेट थांबवणारी ‘किल स्विच’ची सोय चालू ठेवावी आणि डीएनएसच्या विचारणा बोगद्याबाहेरून जात नाहीत, याची खात्री करावी. यादीत ‘भारत’ असे नाव असलेला सर्व्हर प्रत्यक्षात सिंगापूरमध्ये उभा असू शकतो, हेही ध्यानात असू द्यावे.