धाकट्या पत्त्यांना वाट हवी

इंटरनेट लहानथोर सर्वांना सारखेच लेखते, असा एक समज रूढ आहे. ज्याच्यापाशी तार आहे आणि पत्ता आहे, त्याच्यापर्यंत जगाच्या कोणत्याही कोपऱ्यातून पोहोचता येते, ही त्यामागची श्रद्धा. ती पूर्णांशाने खरी नाही. पत्ता आहे, पण वाट नाही, अशी अवस्था लहान जाळ्यांच्या वाट्याला येऊ शकते आणि तिची झळ महानगरांपेक्षा हुबळी-धारवाडसारख्या शहरांना अधिक लागते. लोहमार्गाने आणि व्यापाराने गोमंतकाशी शतकाहून अधिक काळ जोडलेल्या या जुळ्या शहरांचा प्रश्न मडगाव-म्हापशाचाही आहे. म्हणून त्याचा विचार येथे करणे अगत्याचे वाटते.

इंटरनेटवरील प्रत्येक स्वतंत्र जाळे ‘अमुक पत्ते माझ्याकडे आहेत’ अशी घोषणा शेजारच्या जाळ्यांना करते. ती एकाकडून दुसऱ्याकडे जात जगभर पसरते आणि ठिकठिकाणचे राउटर तिची नोंद ठेवतात. या नोंदवहीला मर्यादा असते. म्हणूनच अमेरिकेतील स्प्रिंट कंपनीने १९९५ च्या सुमारास, नव्याने वाटलेल्या पत्त्यांपुरत्या, ८,१९२ पत्त्यांहून लहान गटांच्या घोषणा गाळावयास प्रारंभ केला. पुढे यंत्रे सुधारली, चाळणी सैल झाली आणि आज २५६ पत्त्यांचा गट ही सर्वमान्य किमान मर्यादा ठरली आहे. ही मर्यादा कोणत्याही कायद्याने घातलेली नाही. बड्या कंपन्यांच्या रिवाजाने ती रूढ झाली आहे.

हा रिवाज निष्कारण आहे, असे आम्ही म्हणणार नाही. १२ ऑगस्ट २०१४ रोजी नोंदींची संख्या ५ लाख १२ हजारांपलीकडे गेली, तेव्हा अनेक जुनी यंत्रे कोलमडली. आज ती संख्या ९ लाखांच्या वर आहे. शिवाय लहान गटाची घोषणा अधिक नेमकी मानून राउटर तिलाच अग्रक्रम देतात. फेब्रुवारी २००८ मध्ये पाकिस्तान टेलिकॉमने यूट्यूबच्या पत्त्यांपैकी २५६ चा गट आपला म्हणून घोषित केला आणि काही काळ जगभरचे प्रेक्षक यूट्यूबला मुकले. तेव्हा चाळणी हवीच. प्रश्न आहे तो सुक्याबरोबर ओलेही जळते, त्याचा.

समजा, हुबळीतील एखाद्या रुग्णालयाला वा सहकारी बँकेला ६४ पत्ते पुरेसे आहेत. ते एका मोठ्या कंपनीकडून मिळाले. एक तार तुटली तरी काम अडू नये म्हणून त्यांनी दुसऱ्या कंपनीचीही जोडणी घेतली. परंतु ६४ पत्त्यांची घोषणा बाहेरच्या जगात टिकत नाही. जगाला दिसतो तो पहिल्या कंपनीचा मोठा गट. पहिली तार तुटली की सारी वाहतूक त्या कंपनीच्या दारापर्यंत येऊन अडते. दुसरी तार शाबूत असूनही निरुपयोगी ठरते. दुप्पट पैसे मोजून पराधीनता मात्र पूर्वीचीच!

मग २५६ पत्ते घ्यावेत, असे कोणी म्हणेल. पण सुमारे ४२९ कोटी जुन्या पत्त्यांचा मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्येच संपला. आशिया-प्रशांत विभागात २०१९ पासून नव्या सभासदाला जास्तीत जास्त ५१२ पत्ते मिळतात. अशा टंचाईत ६४ च्या गरजेपोटी २५६ अडकवून ठेवणे शहाणपणाचे नाही. आणि २५६ मिळाले तरी संकट टळतेच असे नाही. पत्त्यांच्या मालकीची डिजिटल ग्वाही तपासून खोटी घोषणा गाळण्याची पद्धत आता रुजत आहे. ती स्वागतार्हच आहे. परंतु मोठ्या मालकाने आपल्या ग्वाहीत लहान तुकड्याला वाव ठेवला नसेल, तर त्याच्याच ग्राहकाची प्रामाणिक घोषणा खोटी ठरते.

२०१३ च्या एकत्रित परवाना पद्धतीने देशव्यापी कंपन्यांबरोबर जिल्ह्याएवढ्या क्षेत्रापुरत्या सेवेलाही ‘क’ वर्गाचे स्थान दिले. परवाना देऊन वाट न देणे हा कोणता न्याय? आमच्या मते तीन गोष्टी तातडीने व्हाव्यात. पत्ते भाड्याने देणाऱ्या कंपन्यांवर ग्राहकाच्या गटाची योग्य ग्वाही नोंदविण्याचे आणि आपल्या चाळणीचे नियम प्रसिद्ध करण्याचे बंधन असावे. पत्तेवाटप करणाऱ्या ‘इरिन’ या राष्ट्रीय नोंदणी संस्थेने हुबळी-धारवाडसारख्या ठिकाणी जाऊन लहान जाळ्यांना या नोंदी करावयास शिकवावे. आणि सहाव्या आवृत्तीच्या विपुल पत्त्यांकडे वळण्यास त्यांना साहाय्य द्यावे. तेथेही चाळण्या आहेत, परंतु लहान जाळ्याला मिळणारा किमान गटही त्यांतून पार पडतो.

चाळणी सत्य-असत्य निवडण्यासाठी असावी, लहान-मोठे निवडण्यासाठी नव्हे. नोंदवहीच्या मर्यादेपोटी आकाराचा नियम आज सर्वस्वी सोडता येणार नाही, हे मान्य. मात्र त्या नियमाचा भार कोणावर पडतो, हे विचारण्याचा अधिकार जिल्ह्याच्या गावांना आहे, आणि त्याचे उत्तर देणे बड्या कंपन्यांचे व शासनाचे कर्तव्य आहे.