अंगठा उमटत नाही म्हणून माणूस मेला काय?



चळवळ तरुणांची असते, हे आपण उठसूट बोलतो. भिंतीवर रंगवतो, कवितेत लिहितो. पण १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा जो वीस-बावीसचा होता, तो आज सत्तरी ओलांडून बसलाय. १९७४ ला वरळी पेटली, भागवत जाधवला दगड घालून मारलं, तेव्हा जे मोर्च्यात होते त्यांचे आज गुडघे गेलेत. १९७८ ला नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात आपली घरं जाळली. त्या राखेतून उठून १९७९ च्या लाँग मार्चला निघालेली पोरं आज साठीच्या पुढं आहेत. तरुणांची चळवळ म्हातारी झालीय आणि आपल्याला पत्ता नाही.

ही माणसं आहेत कुठं? चाळीच्या जिन्याखाली. एसआरएच्या सातव्या मजल्यावर, बंद लिफ्टच्या वर. झोपडीत निदान दारात ओटा होता, येणारा-जाणारा बोलत होता. वर खोलीत भिंत आणि टीव्ही. १४ एप्रिलला आपण त्यांना खाली आणतो. स्टेजवर बसवतो, शाल घालतो, फोटो काढतो. १५ एप्रिलला कोण विचारतं, की बाबा, गोळ्या हायत का संपल्या?

वर्तमानपत्रांत येतं, आता म्हातारपण आनंदाचं झालंय. बागेतले हास्यक्लब, ज्येष्ठ नागरिक संघाच्या सहली, रिटायर झाल्यावर सतार शिकलेले काका. शिकू देत, आपलं भांडण सतारीशी नाही. पण रिटायर व्हायला आधी नोकरी लागते. आपल्या आयांना रिटायर कोणी केलं? सत्तरीची बाई अजून चार घरची भांडी घासते, कंत्राटात झाडू मारते. तिला फावला वेळ नाही, फंड नाही. हात चालायचे थांबले की तिचं म्हातारपण सुरू होतं.

आता त्या हातांचंच ऐका. गोदीत माझ्या टोळीत एक म्हातारा होता. जन्मभर गोणी, सिमेंट, खारं पाणी, लोखंडी हुक. रेशनच्या मशीनवर त्यानं अंगठा ठेवला, उमटला नाही. दुसरं बोट ठेवलं, नाही. दहाही बोटं झाली. खिडकीतला म्हणाला, "तुमचं जुळत नाही, पुढच्या महिन्यात या." म्हातारा हसला नि म्हणाला, "पुढल्या महिन्यात नवी बोटं फुटत्याल काय?" असे हात आपल्या बस्तीत घरटी आहेत. गटार उपसलेले, विटा वाहिलेले, सोड्यात कपडे धुतलेले. ज्यांनी हे शहर उचललं त्यांची कातडी शहरानं घासून घेतली. आणि आता मशीन विचारतं, तू कोण?

ह्या म्हाताऱ्याला कोणीतरी सांगायला पाहिजे होतं, की डोळ्याच्या बुबुळावर ओळख पटवता येते, मोबाइलवर ओटीपी मागवता येतो. सांगणारा कोण होता? आपण होतो. बारावी झालेले, बीए झालेले, खिशात मोबाइल असलेले. आपण तेव्हा नाक्यावर क्रांती करत होतो.

आता आकडे. १९९५ ला केंद्रानं वृद्धांना पेन्शन सुरू केलं, महिन्याला ७५ रुपये. २००७ ला योजनेला इंदिरा गांधींचं नाव दिलं तेव्हा केंद्राचा वाटा २०० रुपये होता. ऐंशीच्या आतल्या म्हाताऱ्याला तो आजही २००च आहे. महाराष्ट्रात श्रावणबाळ योजनेतून राज्य भर घालतं आणि २०२३ पासून महिन्याला १,५०० पडतात. म्हणजे दिवसाला ५० रुपये. तेवढ्यासाठी वय ६५ पाहिजे, राज्यात १५ वर्षं राहिल्याचा पुरावा पाहिजे. आणि नियम लिहिणाऱ्यांनी अट घातली, अख्ख्या कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत. महिन्याला १,७५० होतात. मुंबईत एवढ्यात कुटुंब चालवून दाखवणारा मंत्री असेल तर त्यानं पुढं यावं, आपण त्याला शाल घालू. ही अट गरिबाला एक तर खोटं बोलायला लावते, नाहीतर उपाशी ठेवते. वर दरवर्षी हयातीचा दाखला. मी जिवंत आहे, हे म्हातारीनं जिना उतरून, रिक्षा करून सांगायचं.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. आठवड्याची एक संध्याकाळ. जागा आपल्या विहारात आहे, समाजमंदिरात आहे. एक टेबल, एक रजिस्टर, दोन पोरं, दोन पोरी. बस्तीतल्या साठीपुढच्या प्रत्येकाचं नाव लिहायचं. कोणाचं पेन्शन अडलंय, कुणाच्या आधारवर वय चुकलंय, कुणाला मोतीबिंदू आहे, कोण एकटं राहतं. फॉर्म तिथंच भरायचा, तहसीलदाराच्या खिडकीवर सोबत जायचं आणि पोच घेतल्याशिवाय हलायचं नाही.

आणि त्याच टेबलावर शाळा. मुरबाड तालुक्यात फांगणे गावी २०१६ च्या महिला दिनाला आजीबाईंची शाळा सुरू झाली. गुलाबी लुगडी नेसून, दप्तर लावून म्हाताऱ्या बसल्या, जगभर फोटो गेले. चांगलं झालं. पण आपल्या आजीला सहीच्या पुढं जायचंय. बिल्डरचा माणूस संमतीपत्र घेऊन येतो आणि म्हणतो, "आजी, इथं अंगठा." त्या कागदावर काय लिहिलंय ते तिला वाचता आलं पाहिजे. अक्षर म्हणजे घर राहणार की जाणार, एवढी मोठी गोष्ट आहे. जोतीरावांनी १८५५ ला रात्रीची शाळा काढली ती राबणाऱ्या मोठ्या माणसांसाठीच. वामनदादा कर्डकही अक्षरं मोठेपणीच शिकले. सरकारनं २०२२ ला पंधरा वर्षांपुढच्या निरक्षरांसाठी नवभारत साक्षरता कार्यक्रम आणला, तोही बिनपगारी स्वयंसेवकांच्या जिवावर. तुम्ही बिनपगारीच शिकवणार असाल तर बाबासाहेबांच्या नावानं शिकवा.

ही शाळा एकाच बाजूनं चालणार नाही. आपण त्यांना 'क' शिकवायचा आणि त्यांच्याकडून इतिहास शिकायचा. १९६४ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात तुरुंगात गेलेली बाई पुस्तकात सापडत नाही. ती तुमच्या शेजारच्या खोलीत खोकत असते. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून म्हाताऱ्या बायांच्या दारोदार गेल्या, त्यांचं ऐकलं, म्हणून १९८९ ला 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक आलं. त्या गेल्या नसत्या तर आंबेडकरी चळवळीत बाया होत्याच कुठं, असं आपण आज बेशरमपणे विचारलं असतं. तुमच्या मोबाइलमध्ये दिवसभर गाणी वाजतात. त्यात आजीचा एक तास भरा. एक म्हातारी मेली की बस्तीचं एक दप्तर जळतं.

काही दोस्त म्हणतील, हे रोटरीवाल्यांचं काम. बिस्किटं वाटा, केळी वाटा. आपण व्यवस्था उलथवायला निघालोय. अरे, बाबासाहेबांनी १९२४ ला बहिष्कृत हितकारिणी सभा काढली तेव्हा वसतिगृहं आणि वाचनालयं हाती घेतलीच ना? महाडचं तळं त्यानंतर, १९२७ ला. सावित्रीबाई १८९७ ला प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता गेल्या. ती काय रोटरी होती?

दुसरा आक्षेप खरा वजनाचा आहे. सरकारचं काम आपण फुकट करायचं म्हणजे सरकारचे बिनपगारी कारकून व्हायचं. हा धोका आहे, म्हणून रजिस्टर. किती अर्ज गेले, किती नाकारले, कुणी कोणत्या कारणानं नाकारले, सगळं तारखेसकट लिहायचं. २००५ चा माहिती अधिकार आहे, ३० दिवसांत उत्तर मागायचं. पन्नास नकार गोळा झाले की ते रजिस्टर घेऊन मोर्चा न्यायचा आणि म्हाताऱ्यांना पुढं बसवायचं. उत्पन्नाची २१,००० ची अट गाडा. २०० रुपयांची भीक बंद करून जगण्याएवढं पेन्शन द्या. आकडा, नाव, तारीख हातात असली की साहेब टाळू शकत नाही. नुसत्या घोषणेला तो चहा पाजून परत पाठवतो.

आणि एक गोष्ट पोरांना. म्हाताऱ्यांचं करायचं म्हटलं की आपण बहिणीकडं बघतो, बायकोकडं बघतो. समतेवर तासभर भाषण ठोकायचं आणि घरी आईचं अंथरूण सुनेनं धुवायचं, हा मनू आपल्याच खोलीत बसलाय. तेव्हा स्वयंसेवकांच्या यादीत पोरींची नावं आधी लिहू नका. आधी स्वतःचं लिहा. घरच्या म्हातारीचं पाणी-गोळी स्वतः करा, मग विहारात या.

पैसा लागत नाही. देणगी मागायची नाही, बॅनर छापायचा नाही, नेत्याला उद्घाटनाला बोलवायचं नाही. एक वही घ्या. पहिल्या पानावर स्वतःच्या गल्लीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाचं नाव लिहा आणि ह्या रविवारी त्याच्या दारात जाऊन बसा.

जय भीम!