वाजवा, पण कान राखून

लगनसराई आली की पहूर, शेंदुर्णी, जामनेरच्या रस्त्यांवर बँड आणि बेंजो पार्ट्या दिसू लागतात. वरात नाचून घरी जाते. पण तासन् तास गाडीवरच्या कर्ण्याशेजारी उभा राहतो तो वाजवणारा. कान हेच त्याचे भांडवल. कान गेला की सूर गेला, सूर गेला की सुपारीही गेली.

हिशेब सरळ आहे. ८५ डेसिबलचा आवाज कान दिवसाला ८ तास सोसतो. पुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. १०० डेसिबलला उरतात फक्त १५ मिनिटे! आतल्या कानातील नाजूक केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

वरातीनंतर कानात शीळ वाजणे, बोलणे दबके ऐकू येणे, ही पहिली नोटीस समजावी. सकाळी बरे वाटले तरी गाफील राहू नये.

कापसाच्या बोळ्याने भागत नाही. मेडिकलमध्ये फोमचे इअरप्लग मिळतात. ते पिळून, कान वर ओढून आत बसवावेत. कर्ण्याचे तोंड वादकांकडे नसावे. ढोल-ड्रमवाल्यांनी आळीपाळीने विसावा घ्यावा. वर्षातून एकदा जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात कान तपासून घ्यावेत.

यजमानांनीही लक्षात घ्यावे. रात्री १० नंतर कर्णे बंद, हा २००० सालच्या नियमावलीतला नियम आहे. सुपारी ठरवतानाच वादकांचा विसावाही ठरवावा. वरात असो वा जयंतीची मिरवणूक, वाजवणारी पोरे आपल्याच घरची असतात.