चौघांचे नाव

रॉक-संगीत म्हणजे पैशाच्या जोरावर माजलेला गोंगाट, असे आमच्या देवळातील वडीलधारी मंडळी म्हणतात. आम्हांस हे मान्य नाही. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यातल्या अथेन्स गावच्या ‘आर.ई.एम.’ संचाचे पहिले गायन झाले ते १९८० साली, उपासना बंद पडलेल्या एका जुन्या चर्चमध्ये, मैत्रिणीच्या वाढदिवशी! १९८३ ची ‘मर्मर’ ही ध्वनिमुद्रिका लहानशा स्वतंत्र कंपनीची. बड्या कंपनीशी करार झाला १९८८ साली. मधली वर्षे गावोगाव वणवण. आणि गीत मुळात कोणालाही सुचो, चौघे एकत्र होते तोवर श्रेय व रॉयल्टी चौघांत समान! २०११ साली संच विसर्जित झाला, तोही भांडणाविना. उत्सवाच्या फलकावर कोणाचे नाव वर, यावरून भजनी मंडळे फोडणारे आम्ही. त्यांना नावे कोणत्या तोंडाने ठेवणार?