भिंतीवरचें चित्र आणि त्याचें मोल

आंबवडें असो, भोर असो कीं पुणें असो, लग्नघराच्या दारावर रेखाटलेला गणपति आपण सर्वांनीं पाहिला आहे. तो काढणाऱ्याचें नांव मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं. भिंत रंगविण्यांत जन्म घालवितां येतो, ही कल्पनाहि आपल्या घरांतून फारशी रुचत नाहीं. म्हणून डहाणू तालुक्यांतील गंजाडचे जिव्या सोमा मशे यांचें चरित्र आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

वारली लोकांत ही कला मूळची बायकांची. कुडाची भिंत शेणानें सारवून, तीवर गेरूचा हात देऊन, सुवासिनी तांदळाच्या पिठानें लग्नाचा चौक लिहितात. त्यांत पालघट देवीची स्थापना असते. बांबूच्या काडीचें टोंक ठेचलें कीं झाला कुंचला! लग्न आटोपलें कीं चित्राचें कामहि संपलें. पुढच्या सारवणाखालीं तें नाहींसें होई.

जिव्यांचा जन्म १९३४ सालचा. सातव्या वर्षाच्या सुमारास आई गेली आणि मुलाची वाचा बसली. धुळींत चित्रें काढून तो मनांतलें सांगूं लागला. मोठेपणीं त्यांनीं बायकांचें हें काम हातीं घेतलें व लग्नाची वाट न पाहतां ते रोज चित्रें काढूं लागले. मिथिलेंतील स्त्रियांच्या हातीं पूर्वीं कागद देणारे चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनीं त्यांचे गुण हेरले. १९७५ सालीं मुंबईंत प्रदर्शन झालें, १९७६ सालीं राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, १९८९ सालीं चित्रें पॅरिसला गेलीं. २०११ सालीं पद्मश्री लाभली. १५ मे २०१८ रोजीं ते निवर्तले. त्यांचे पुत्रहि चित्रकारच झाले.

भिंतीवरची कला कागदावर उतरली, तेव्हां ती टिकली, आणि तिला नांव व भाकर दोन्ही मिळालीं. परंतु ज्या सुवासिनींनीं ती पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली, त्या निनांवीच राहिल्या. आज तींच त्रिकोणी माणसें साड्यांवर, पेल्यांवर, शहरांतील भिंतींवर सर्रास दिसतात. त्यांतील किती वारली हातांनीं काढलेलीं असतात? तेव्हां असें चित्र घरीं आणतांना काढणाऱ्याचें नांव विचारावें आणि घासाघीस करूं नये. तसेंच आपल्या अंगणांत रोज रांगोळी घालणाऱ्या सुनेलाहि, 'हें तूं काढलेंस का?' असें एकदां तरी कौतुकानें विचारावें.