किती वर्षं थांबता येईल?

१९०३ साली मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी खडकवासल्याच्या धरणावर स्वयंचलित दरवाजे बसवले. पाणी ठरावीक पातळीच्या वर गेलं की ते आपोआप उघडायचे. तिथे कोणी उभं राहायची गरज नव्हती. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्करांचं काम याच्या नेमकं उलट होतं. विंचवाच्या दंशाने कोकणात माणसं दगावत होती आणि बावस्कर रुग्णाच्या खाटेशी रात्र रात्र बसून नाडी, घाम, रक्तदाब यांच्या नोंदी ठेवत होते. त्यातूनच पुढे प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध विंचूदंशावर वापरात आलं आणि मृत्यू घटले.

मेडिकल की इंजिनिअरिंग, हा प्रश्न घरात निघतो तेव्हा बोलणं पॅकेज आणि प्रतिष्ठेपाशीच घुटमळतं. कामाच्या जातीबद्दल कोणी बोलत नाही. डॉक्टर समोर असेल तरच त्याचं काम होतं. इंजिनिअर नसतानाही यंत्रणा चालली, तर त्याचं काम चांगलं झालं. (पॅथॉलॉजिस्ट वगैरे अपवाद आहेत, पण अपवाद बघून कोणी एमबीबीएसला जात नाही.) दिवसाला साठ माणसांचं तेच तेच गाऱ्हाणं ऐकून एकसष्टाव्याकडेही नीट बघता येईल का, हे जीवशास्त्रातल्या पंच्याण्णव मार्कांवरून कळत नाही. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात ओपीडीच्या बाकावर दोन दिवस बसलं तर थोडंफार कळेल.

स्वभावाचा कौल मिळाला तरी हिशेब उरतोच, आणि आमच्या मते तो पैशांआधी वर्षांचा मांडायला हवा. एमबीबीएस साडेचार वर्षांचं, वर इंटर्नशिपचं एक वर्ष. सरकारी कॉलेजातून बाहेर पडलेल्यांना वर्षभराची बंधपत्रित सेवा. मग नीट-पीजी, ज्यात एखादं वर्ष अभ्यासात जाणं सर्रास चालतं. नंतर एमडी किंवा एमएसची तीन वर्षं. सुपरस्पेशालिटी करायची तर आणखी तीन. अठराव्या वर्षी सुरू केलेलं शिक्षण तिशी गाठतं. निवासी डॉक्टर असताना विद्यावेतन मिळतं, पण लागोपाठच्या ड्युट्या, रात्री दोनला कॅज्युअल्टीत आलेला अपघाताचा रुग्ण आणि त्याच्यासोबत आरडाओरडा करणारे नातेवाईक, हे सगळं त्याच पैशांत. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांसाठी २०१० मध्ये राज्याला वेगळा कायदा करावा लागला, यावरून काय ते समजावं.

इंजिनिअर बाविसाव्या वर्षी मोकळा होतो. नंतर त्याला एमबीए करता येतं, एमपीएससीला बसता येतं, मेकॅनिकल करून सॉफ्टवेअरमध्ये जाता येतं. म्हणजे निर्णय चुकला तरी हा रस्ता सावरायला जागा देतो. मेडिकल तशी देत नाही. तिसऱ्या वर्षी ‘हे माझं काम नव्हे’ असं वाटलं तर मागे फिरायला मुलगा कचरतो, आणि घरचे त्याहून जास्त.

पण या मोकळीकीची किंमत इंजिनिअरिंगच्या पदवीनेच चुकवली आहे. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी दिली आणि त्याआधी कर्नाटकात डोनेशन भरून जाणारी मराठी मुलं इथेच शिकू लागली. ते चांगलंच झालं. नुसती पदवी मात्र आता काहीच सिद्ध करत नाही. केटी सोडवत, टर्मवर्कच्या फायली मागच्या बॅचवरून उतरवत पास झालेला आणि चार वर्षं खरोखर शिकलेला, दोघांच्या हाती कागद एकच. मोठ्या आयटी कंपन्यांचं नवख्यांना मिळणारं साडेतीन लाखांच्या आसपासचं वार्षिक पॅकेज दशकभर फारसं हललेलं नाही; घरभाडं मात्र हललं. त्यात एआयसीटीईने २०२४-२५पासून जागांवरची कमाल मर्यादा उठवल्यावर कॉलेजांना हव्या त्या शाखेच्या, म्हणजे मुख्यतः कॉम्प्युटरच्या, तुकड्या वाढवायला वाव मिळाला. शिकवणारे कुठून आणणार, हे कोणी विचारत नाही. कॅपचा ऑप्शन फॉर्म भरताना ब्रँच आधी की कॉलेज आधी, हा वाद दरवर्षी होतो. आमचं मत कॉलेजच्या बाजूने आहे: कराडच्या सरकारी कॉलेजातलं किंवा सांगलीच्या वालचंदमधलं मेकॅनिकल हे कालपरवा उघडलेल्या कॉलेजातल्या कॉम्प्युटरपेक्षा केव्हाही बरं.

मेडिकलची पदवी अजून आपला भाव राखून आहे, कारण दार अरुंद आहे. २०२४ मध्ये नीटला २३ लाखांहून अधिक मुलं बसली. देशातल्या एमबीबीएसच्या जागा तेव्हा एक लाखाहून थोड्याच अधिक, आणि त्यांतल्या साधारण निम्म्या सरकारी. त्यामुळे ‘मेडिकलला जायचं’ म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांपुढे खरे पर्याय तीनच उरतात: ड्रॉप, बीएएमएस-बीएचएमएस किंवा जमीन विकून खासगी कॉलेज. ड्रॉपचं एक वर्ष समजण्यासारखं आहे. पहिल्या खेपेला थोडक्यात हुकलेल्याने ते जरूर घ्यावं. तिसऱ्या खेपेला मात्र आमचा विरोध आहे. लातूरच्या खोल्यांमधून तिसऱ्यांदा तेच एनसीईआरटी पाठ करणाऱ्या मुलांना सांगायचं कोणी, हा प्रश्न आहे. क्लासवाले तर सांगणार नाहीत. बीएएमएस हा एमबीबीएसचा राखीव साठा म्हणून निवडू नये. आयुर्वेदाची पदवी घेऊन आयुष्यभर ॲलोपॅथीच लिहायची, ही कुचंबणा गावोगाव दिसतेच. आणि संस्थेच्या कोट्यातून नेहमीच्या शुल्काच्या कित्येक पट भरून घेतलेली जागा? पाठीशी स्वतःचं हॉस्पिटल असेल तर ठीक. नसेल तर ते कर्ज फेडता फेडता डॉक्टर कुठल्या तपासण्या लिहून देईल, याचा विचार रुग्णांनीही करावा.

मुलींच्या बाबतीत हिशेब अलीकडे बदलला आहे. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण व परीक्षा शुल्क राज्याने २०२४ मध्ये पूर्ण माफ केलं. सरकारी प्रवेशप्रक्रियेतून जागा मिळवली तर ही सवलत खासगी कॉलेजातही मिळते. म्हणजे ‘मुलीच्या शिक्षणावर एवढा खर्च नको’ ही सबब बरीच लंगडी झाली. आता दुसरी पुढे येते: एमडी होईपर्यंत लग्नाचं वय निघून जाईल. वर्षांचा हिशेब मांडा असं आम्हीच म्हणतो, पण तो मुलीने स्वतः मांडायचा. तिच्या वतीने काकांनी नव्हे.

ज्यांचं अजून ठरत नाही त्यांनी अकरावीला गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवावेत. क्लासवाले नको म्हणतील, कारण त्यांच्या बॅचेस तशा आखलेल्या नसतात. दोन्ही विषय स्पर्धा परीक्षेच्या तोडीने करायची गरज नाही. अकरावी संपेपर्यंत कल कळतो, मग भार एकीकडे टाकावा. आणि एकच ठेवायचा झाला, तर नोव्हेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने केलेला बदल लक्षात घ्यावा. बारावीला जीवशास्त्र नसलेल्यांना आता तो जादा विषय म्हणून नंतर देऊन नीटला बसता येतं. नीटच्या ७२० पैकी ३६० गुण जीवशास्त्राचे, त्यामुळे ही वाट सोपी नाही. पण ती आहे, आणि विषय निवडीच्या फॉर्मवर सही करण्याआधी पालकांना ती माहीत असायला हवी.