पाळण्याची दोरी आणि गल्ल्याची किल्ली

घर सांभाळून व्यवसाय करणाऱ्या स्त्रीचे कौतुक समाजात मुक्तकंठाने होते. महिला दिनाच्या समारंभात तिला शाल-श्रीफळ मिळते, 'दोन्ही आघाड्यांवर यशस्वी' असे तिचे वर्णन होते आणि टाळ्यांच्या गजरात एक साधा प्रश्न विरून जातो. दिवसाचे तास सर्वांना चोवीसच असतात; मग दुसऱ्या आघाडीसाठी लागणारे तास ही स्त्री आणते कोठून? बहुधा ते तिच्या झोपेतून येतात, विश्रांतीतून येतात, अंगावर काढलेल्या दुखण्यातून येतात. अशा भांडवलावर उभा राहिलेला व्यवसाय फार दूरचा पल्ला गाठू शकत नाही.

ही केवळ भावनेची बाब नव्हे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, कुटुंबासाठी विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात. असे काम करणारे पुरुष ८८ मिनिटे देतात. २०१९ मध्ये हेच आकडे अनुक्रमे २९९ आणि ९७ होते. म्हणजे दोहोंमधील अंतर २०२ मिनिटांवरून २०१ मिनिटांवर आले. पाच वर्षांची प्रगती एका मिनिटाची!

शिवाय आईचा उरलेला वेळही सलग नसतो. मुलांचा डबा, शाळेची बस, वृद्धांची औषधे, संध्याकाळचा अभ्यास यांच्या फटींतून तो अर्ध्या-पाऊण तासाच्या तुकड्यांनी हाती येतो. म्हणून अशा स्त्रीला 'अधिक वेगाने काम करा' असा उपदेश करणे व्यर्थ आहे. तिची उत्पादकता वाढते ती दोनच मार्गांनी : काम तिच्या वेळेच्या मापाने बेतले गेले तर, आणि त्यातील काही भाग तिच्या हातून दुसऱ्याच्या हाती गेला तर.

या दृष्टीने म्हैसूर शहराच्या इतिहासातील एक प्रकरण आठवण्याजोगे आहे. १८९४ च्या अखेरीस महाराज चामराजेंद्र वाडियार यांचे अकाली निधन झाले, तेव्हा युवराज कृष्णराज अवघ्या दहा वर्षांचे होते. १८९५ पासून १९०२ पर्यंत त्यांच्या मातोश्री महाराणी वाणीविलास केंपनंजम्मण्णी यांनी राजप्रतिनिधी म्हणून संस्थानाचा कारभार पाहिला. याच काळात, १८९७ मध्ये, जुना राजवाडा आगीत भस्मसात झाला आणि नव्याची उभारणी सुरू झाली. १९०२ मध्ये शिवनसमुद्रम येथील जलविद्युत केंद्रातून कोलारच्या सोन्याच्या खाणींना वीज मिळू लागली. मुले लहान असताना एवढा व्याप सांभाळणाऱ्या या मातेचा गौरव योग्यच आहे. मात्र तिच्यापाशी दिवाण होते, कारभारी मंडळ होते, स्वतंत्र खाती होती, हेही विसरता कामा नये. महाराणीने सारे एकटीने करावे अशी अपेक्षा कोणी केली नव्हती. मग चार खोल्यांच्या घरात मसाले दळणाऱ्या आईकडूनच ती का केली जावी? तिला दिवाण मिळणार नाही; परंतु एक मदतनीस, एक स्वतंत्र खाते आणि कोणी मोडणार नाही असा एक ठरलेला तास मिळावयास हरकत नसावी.

म्हैसूरच्याच अगरबत्ती उद्योगाकडे पाहिले तर या प्रश्नाची दुसरी बाजू दिसते. बांबूच्या काडीवर मसाल्याचा लगदा वळण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी घरी बसून केले. मूल झोपले की पाट पुढे ओढावा, उठले की बाजूला सारावा, अशी या कामाची सोय. पण मोबदला हजार काड्यांच्या हिशेबाने असल्यामुळे मिळकत वाढवायची तर तासच वाढवावे लागतात. काम घरात बसते, परंतु व्यवसाय तिचा होत नाही.

हे दोन्ही कसे साधावे, याचा वस्तुपाठ मुंबईत मिळतो. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटावयास आरंभ केला. त्यातून उभ्या राहिलेल्या श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड या संस्थेची कीर्ती सर्वांना ठाऊक आहे. तिची कार्यपद्धती मात्र पुरेशी लक्षात घेतली जात नाही. पीठ भिजविण्याचे काम शाखेत होते. सकाळी भगिनी पीठ घेऊन जातात, घरी आपापल्या सवडीने पापड लाटतात, दुसऱ्या दिवशी ते तोलून, तपासून घेतले जातात आणि मजुरी मिळते. खरेदी, विक्री आणि हिशेब यांचा भार प्रत्येकीच्या डोक्यावर नसतो, आणि तरीही प्रत्येक भगिनी संस्थेची सहमालक असते. येथे आईला उद्योगाच्या घड्याळाप्रमाणे धावावे लागले नाही. उद्योगाचे घड्याळच आईच्या दिवसाप्रमाणे लावले गेले.

एकटीने व्यवसाय करणाऱ्या गृहिणीलाही यातून काही घेता येते. पहिली गोष्ट म्हणजे स्वतःच्या तासाची किंमत. समजा, १० किलो चटणीपूड करण्यास आठ तास लागले आणि कच्चा माल, इंधन व वेष्टन यांचा खर्च वजा जाता ४८० रुपये उरले, तर तिच्या तासाचे मोल ६० रुपये झाले. एखाद्या दुकानदाराने घाऊक मागणीचे आमिष दाखवून भाव इतका पाडला की तेच ४८० रुपये २०० वर आले, तर तासाला पदरी पडतात केवळ २५. वहीत हा हिशेब मांडलेला असेल तर नकार देणे सोपे जाते. 'घरचेच तर काम आहे' म्हणून स्वतःची मजुरी शून्य धरणारी स्त्री तोट्यातही आनंदाने राबत राहते.

दुसरी गोष्ट वार्षिक नियोजनाची. म्हैसूरमध्ये दसरा हा मागणीचा सर्वांत मोठा काळ आणि नेमक्या त्याच दिवसांत शाळांना सुटी! घरात मुले, दारात पाहुणे आणि चकली-कोडबळ्यांच्या मागण्यांची रीघ, हे सारे एकदम येते. हा पेच दरवर्षी ठाऊक असलेला आहे. म्हणून तो दसऱ्यात नव्हे, आषाढ-श्रावणातच सोडवावयास हवा. टिकाऊ मालाची खरेदी आधी करावी, मदतनीस आधी ठरवावी, मागणी स्वीकारण्याची शेवटची तारीख आधी जाहीर करावी, आणि मुलांच्या परीक्षांच्या तारखा मागणीवहीतच लिहून ठेवाव्यात.

तिसरी गोष्ट, घरखर्च व व्यवसाय यांचे पैसे वेगळे ठेवण्याची. एकाच पाकिटातून भाजी आणि बेसन आले की कशात किती उरले हे कळत नाही. स्वतंत्र खाते आणि रोजची दहा मिनिटांची नोंद एवढ्याने नफा डोळ्यांना दिसू लागतो. पुढे कर्ज मागताना हीच नोंद तिच्या वतीने बोलते.

येथे बँकांचेही कर्तव्य आहे. मुद्रा योजनेत शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत विनातारण कर्ज मिळू शकते. पण दसऱ्याच्या मालासाठी मागितलेली रक्कम दिवाळीनंतर हाती पडली, तर तिचा उपयोग काय? कागदांची यादी पहिल्याच भेटीत पूर्ण सांगितली, तर त्या आईच्या तीन फेऱ्या वाचतात आणि तिच्या लेखी तीन फेऱ्या म्हणजे तीन दिवसांचे उत्पादन असते. सातारा जिल्ह्यात म्हसवड येथे श्रीमती चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकाराने १९९७ मध्ये स्थापन झालेल्या माणदेशी महिला सहकारी बँकेने खातेदार स्त्रियांच्या दारापर्यंत सेवा नेली. बाजार सोडून शाखेत येणे म्हणजे त्या दिवसाच्या कमाईवर पाणी सोडणे, हे तिथे ओळखले गेले. ही जाणीव प्रत्येक शाखेच्या खिडकीमागे असावयास हवी.

आणि सर्वांत जवळचे कर्तव्य घरातील माणसांचे. वर उल्लेखिलेल्या २०१ मिनिटांच्या दरीतील एक तास जरी पतीने आणि मोठ्या मुलांनी उचलला, तरी वर्षाचे ३६५ तास त्या व्यवसायाला मिळतात. आठ तासांचा एक दिवस धरला, तर हे पंचेचाळीस दिवसांहून अधिक होतात. एवढे भांडवल कोणतीही बँक व्याजाशिवाय देऊ शकत नाही. घर मात्र ते सहज देऊ शकते.

पाळण्याची दोरी तिच्या हाती परंपरेने आली, गल्ल्याची किल्ली तिने स्वतःच्या कर्तृत्वाने मिळविली. आता पाळण्याच्या दोरीला घरातील दुसराही हात लागावा, म्हणजे किल्ली फिरविण्यास तिचा एक हात तरी मोकळा राहील.